हुकूम तोच, कारकून नवा

उत्तर कोंकणच्या जुन्या कागदपत्रांत ‘माहीम’ हें नांव आलें कीं वाचणाराला पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, हें माहीम कोणतें? मुंबई बेटावरचें, कीं पालघरच्या पश्चिमेस समुद्रकांठीं वसलेलें? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली, तेव्हांपासून तिच्यांतील स्थळांची निश्चिति करूं पाहणाऱ्यांना या प्रश्नाशीं झगडावें लागलें आहे. व्यवहारांतल्या माणसांनीं मात्र हा घोटाळा साध्या उपायानें मिटविला. शेजारच्या केळवें गांवाचें नांव त्यांनीं आधीं जोडलें आणि ‘केळवें-माहीम’ असा शब्द रूढ केला. गांवें दोन, पण नांव एक. ऐकणाराच्या मनांत शंका राहत नाहीं.

आतां हेंच नांव, मधली आडवी रेघ गाळून, ‘केळवें माहीम’ असें दोन सुट्या शब्दांत लिहून संगणकाच्या हातीं द्यावें. माणसाला त्यांत कांहीं फरक वाटणार नाहीं. संगणक मात्र एके ठिकाणीं त्याचीं दोन गांवें करील, तर दुसरे ठिकाणीं एकच समजेल. आणि कोठें काय करील हें त्याच्या आंत बसलेला कारकून कोणत्या पिढीचा आहे यावर अवलंबून राहील. श्रोतेहो, संगणकाला दिलेल्या लेखी हुकुमाचा आणि त्यांतील शब्दांचा थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. यंत्राची मूळ व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नवी केली असतां काल बिनबोभाट चाललेला हुकूम आज कां अडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडतां भलतेंच काम कां करून बसतो, हा त्यांतला मुख्य प्रश्न.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असें कोणी समजूं नये. कचेऱ्यांत, पेढ्यांत, कारखान्यांत रात्रीं माणसें घरीं गेल्यावर हिशेबांच्या नकला करून ठेवणें, जुन्या याद्या काढून टाकणें, सकाळसाठीं पत्रकें तयार करणें हीं कामें अशाच लेखी हुकुमांवर चालतात. ते नीट चालतात तोंवर त्यांची आठवण कोणास होत नाहीं. ज्या दिवशीं ते बिघडतात त्या दिवशीं मात्र कोणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या नोंदी पणास लागलेल्या असतात.

या कारकुनाला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. यंत्राच्या गाभ्याभोंवतीं बसून माणसाची आज्ञा आंत पोंचविणारा, म्हणून हें नांव. १९६५ च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत काम करीत असलेल्या लुई पूझां या फ्रेंच तज्ज्ञानें ही कल्पना आणि हा शब्द पुढें आणला. रोज त्याच त्या आज्ञा हातानें देण्यापेक्षां त्या एका फाइलींत लिहून ठेवाव्या आणि यंत्राला ती फाइलच वाचावयास लावावी, हें त्याचें मूळ सूत्र. अशा फाइलीला आज ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. पुढें १९६९ च्या उन्हाळ्यांत बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन यानें ‘युनिक्स’ या ऑपरेटिंग सिस्टिमची पायाभरणी केली आणि १९७१ सालीं तिच्यासाठीं एक लहानसा शेल लिहिला. योगायोग असा कीं, माहीमपासून फार दूर नसलेल्या तारापूरचें अणुवीज केंद्र त्याच १९६९ सालच्या ऑक्टोबरांत रीतसर वीज देऊं लागलें. त्या केंद्रासारख्या प्रचंड कामाकडे सर्वांचें लक्ष गेलें. टॉम्पसनच्या खोलींत जें चाललें होतें त्याची वार्ताहि कोणाला नव्हती. आज त्या खोलींतल्या कामाचे वंशज बहुतेक प्रत्येक मोबाइलांत आणि बहुतेक प्रत्येक कचेरींत नांदत आहेत.

१९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न याचा शेल बाहेर पडला, आणि पुढच्या सर्व शेलांचें व्याकरण त्यानें ठरवून टाकलें असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या व्याकरणांतला एकच नियम आपणांस येथें पुरेसा आहे. हुकुमाच्या नांवापुढें ज्या बाबी लिहावयाच्या त्यांना ‘आर्ग्युमेंट’ म्हणतात. मराठींत सांगावयाचें तर हुकूम हें क्रियापद, आणि आर्ग्युमेंट म्हणजे त्याचें कर्म व इतर कारकें. परंतु मराठींत कर्म कोणतें हें विभक्तीवरून कळतें, म्हणून शब्दांची जागा बदलली तरी अर्थ टिकतो. शेलला विभक्ति ठाऊक नाहीं. तो फक्त क्रमांक ओळखतो. पहिली बाब ती ‘एक’, दुसरी ती ‘दोन’. स्क्रिप्टमध्यें डॉलरचें चिन्ह काढून पुढें तो अंक लिहिला कीं ती बाब मिळते.

आपल्याकडे अशा क्रमांकी नांवांचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. ‘सातबारा’ हा शब्द लहान मुलालाहि ठाऊक आहे. गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा या दोन नोंदींचे ते निव्वळ आंकडे. जमीन, मालकी, पीक यांपैकीं एकहि अक्षर त्या नांवांत नाहीं. अर्थ सगळा रूढींत आहे. गंमत अशी कीं, हाच सातबारा बोर्नच्या शेलला सांगूं गेल्यास सात बरोबर कळतो आणि बारा चुकतो. डॉलरपुढें ७ लिहिले तर सातवी बाब मिळते. डॉलरपुढें १२ लिहिले तर शेल पहिली बाब घेतो आणि तिच्या शेपटीला २ हा अंक चिकटवून देतो. त्याच्या दृष्टीनें डॉलरमागून एकच अंक यावयाचा. नऊच्या पुढच्या बाबी हव्या असतील तर आजच्या प्रमाण शेलांत तो आंकडा महिरपी कंसांत घालावा लागतो. आणि ‘झी-शेल’ या १९९० सालच्या शेलांत मात्र, त्याच्या स्वतःच्या रीतीप्रमाणें, कंसावांचूनहि बारावी बाबच मिळते! एकच अक्षरपंक्ति, दोन कारकून, दोन अर्थ.

आतां रिकाम्या जागेकडे वळूं. शब्द कोठें संपला हें शेल रिकाम्या जागेवरून ठरवितो. आपल्या मोडी दफ्तरांत याच्या अगदीं उलट प्रकार होता. बोरूनें रेघ ओढावयाची आणि तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत जावयाचीं. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल नव्हती. शब्द तोडण्याचें काम वाचणाराच्या बुद्धीवर सोंपविलेलें असे, आणि म्हणूनच नवशिक्याच्या हातून मोडी वाचतांना गमतीचे घोटाळे होत. शेलला अर्थ कळत नाहीं, म्हणून त्याला जागा दाखवावी लागते. आणि जेथें जागा असूनहि शब्द एकच आहे असें सांगावयाचें असेल तेथें अवतरणचिन्हें घालावीं लागतात. ‘केळवें माहीम’ अवतरणांत घातलें तर तें एक गांव; उघडें सोडलें तर दोन. त्यांतहि मेख अशी कीं, एकदां अवतरणांत लिहून एखाद्या चलाच्या पोटांत सांठविलेलें नांव, तें चल पुन्हां वापरतांना अवतरणांवांचून लिहिलें, तर बोर्नच्या परंपरेंतला शेल तें पुन्हां तोडतो. स्क्रिप्टा बिघडण्याच्या कारणांत या एका गोष्टीचा वांटा फार मोठा आहे.

याची किंमत जगाला २००१ सालीं कळली. ॲपल कंपनीनें त्या वर्षीं मार्च महिन्यांत आपल्या मॅक संगणकांसाठीं संपूर्ण नवी, युनिक्सच्या पायावर उभारलेली ऑपरेटिंग सिस्टिम बाजारांत आणली. जुन्या मॅकवर शेल नव्हता. चित्रांवर बोट ठेवून काम चाले. त्यामुळें तेथील लोकांना नांवांत मोकळी जागा सोडण्याची संवय होती, आणि एखादी डिस्क यादींत सर्वांच्या वर दिसावी म्हणून कित्येक जण तिच्या नांवाच्या आरंभींच एक रिकामी जागा टाकीत. नोव्हेंबरांत ‘आयट्यून्स’ या संगीताच्या प्रोग्रॅमची दुसरी आवृत्ति निघाली. तिच्या बसवणीच्या स्क्रिप्टमध्यें, जुनी प्रत पुसून टाकण्याच्या ओळींत, डिस्कचा पत्ता ‘दोन’ क्रमांकाच्या बाबींतून घेतला होता; आणि त्याभोंवतीं अवतरणचिन्हें नव्हतीं.

परिणाम काय झाला तो पाहा. ज्या डिस्कच्या नांवारंभीं रिकामी जागा होती तिच्या पत्त्याचे शेलनें दोन तुकडे केले. पहिला तुकडा म्हणजे जेथें सर्व डिस्का टांगलेल्या असतात तें मूळ ठिकाण. दुसरा तुकडा म्हणजे नांवाचा उरलेला भाग. हुकूम होता ‘आंतील सर्व कांहीं न विचारतां पुसा’ असा. कारकुनानें पहिल्या तुकड्यापासूनच इमानें पुसावयास आरंभ केला, आणि ध्यानीं मनीं नसतां कित्येकांच्या आख्ख्या डिस्का साफ झाल्या. कंपनीनें ती आवृत्ति तांतडीनें मागें घेऊन २.०.१ ही दुरुस्त आवृत्ति दिली. दोन अवतरणचिन्हांची ही उणीव होती. परंतु खोल पाहिलें तर ती दोन चालींची गांठ होती. जुन्या व्यवस्थेंत निरुपद्रवी असलेली लोकांची संवय नव्या व्यवस्थेंत घातक ठरली, आणि स्क्रिप्ट लिहिणाराला त्या संवयीची कल्पना आली नाहीं.

दुसरें प्रकरण २००६ सालचें. लिनक्स या युनिक्ससदृश प्रणालींत १९८९ पासून चालत आलेला ब्रायन फॉक्सचा ‘बॅश’ हा शेल बहुतेक ठिकाणीं मुख्य कारकून होता. बॅश म्हणजे बोर्नचें व्याकरण आणि वर स्वतःच्या पुष्कळ सवलती. लोक त्या सवलतींना इतके सरावले कीं, स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘हें मूळ बोर्न-शेलसाठीं आहे’ असें लिहून आंत खुशाल बॅशच्या लकबी वापरूं लागले. त्या नांवाखालीं प्रत्यक्षांत बॅशच बसला होता, त्यामुळें चोरी उघडकीस येत नसे. ऑक्टोबर २००६ मध्यें ‘उबुंटु’ या लिनक्सच्या ६.१० आवृत्तीनें त्या जागीं ‘डॅश’ हा चपळ आणि काटेकोर शेल बसविला. यंत्र लवकर सुरू व्हावें हा त्यांतला हेतु. मूळ ‘डेबियन’नेंहि २०११ सालच्या आपल्या सहाव्या आवृत्तींत तोच मार्ग पत्करला.

सिस्टिम नवी केली आणि जुन्या स्क्रिप्टा जागोजागीं अडूं लागल्या. त्यांतले दोन प्रकार आर्ग्युमेंटांचे होते. ‘एको’ ही मजकूर छापण्याची आज्ञा. तिला ‘उणें-ई’ ही बाब दिली तर बॅश ती सूचना समजून गिळून टाकतो. डॅश तिला साधा मजकूर समजतो आणि प्रत्येक ओळीच्या आरंभीं ती इमानें छापून दाखवितो. हा दोष निदान डोळ्यांना दिसे. दुसरा फसवा होता. एका स्क्रिप्टमधून दुसरी फाइल वाचून घेण्यासाठीं नुसत्या टिंबाची एक आज्ञा आहे. त्या टिंबापुढें फाइलीचें नांव आणि नंतर आणखी बाबी लिहिल्या तर बॅश त्या बाबी आंतल्या फाइलीच्या ‘एक’, ‘दोन’ अशा जागांवर नेऊन बसवितो. डॅश त्यांकडे लक्षच देत नाहीं. आंतल्या फाइलीला मग दिसतात त्या बाहेरच्या स्क्रिप्टच्या बाबी. तक्रार नाहीं, सूचना नाहीं. काम चालू राहतें, फक्त दुसऱ्याच गोष्टीवर. सर्वमान्य मानकानें टिंबाला बाबी देण्याचें वचन कधीं दिलेंच नव्हतें, तेव्हां डॅशला दोष देतां येत नाहीं. उदार धन्याच्या घरीं मिळालेली सवलत आपला हक्क समजून बसलेल्या नोकरासारखी त्या स्क्रिप्टांची स्थिति झाली.

२०१९ सालीं ॲपलनें ‘कॅटलिना’ नांवाच्या आवृत्तींत माणसाच्या समोर बसणारा शेल बॅशऐवजीं झी-शेल केला. येथें तर नियमच उलटा. झी-शेल चलाच्या पोटांतलें नांव अवतरणांवांचूनहि तोडीत नाहीं. म्हणजे ‘केळवें माहीम’ आपोआप एकच गांव राहतें. लाभच झाला असें वाटेल; पण ज्यांनीं चार सूचना एका चलांत मुद्दाम जागा सोडून भरून ठेविल्या होत्या आणि शेल त्या तोडून देईल या भरवशावर होते, त्यांना त्या चारहि सूचना एकच लांबलचक शब्द होऊन मिळूं लागल्या. ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत आपल्या शेलचें नांव स्पष्ट लिहिलें होतें तिला मात्र या बदलाची झळ लागली नाहीं, कारण जुना बॅश यंत्रांतून काढला नव्हता. झळ लागली ती ओळखपत्रावांचून फिरणाऱ्यांना, म्हणजे संवयीनें टंकलेल्या ओळींना आणि टिंबानें वाचून घेतलेल्या फाइलींना.

पहिल्या ओळींत शेलचें नांव लिहिण्याची ही सोय डेनिस रिची यानें १९८० च्या आरंभीं केली. तींतहि एक चकवा आहे. त्या ओळींत शेलच्या नांवापुढें दोन-तीन सूचना लिहिल्या तर लिनक्स त्या सगळ्यांची एकच मोळी बांधून शेलच्या हातीं देतो. इतर कांहीं प्रणाली त्या सुट्या करून देतात. ‘फ्रीबीएसडी’ या प्रणालीनें २००५ सालीं आपल्या सहाव्या आवृत्तींत एका रीतीवरून दुसरीवर उडी घेतली. तेव्हां शेल तोच राहिला तरी त्याच्यापर्यंत बाबी पोंचविणारा पट्टेवाला बदलूं शकतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या घरच्या गोष्टीकडे वळूं. इंग्रजी लिहिणारांना जी अडचण स्वप्नांतहि येत नाहीं ती मराठी नांवांना येते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नांवाची फाइल घ्या. मधली रिकामी जागा तर आहेच. पण खरी मेख आहे ती ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’ची. हा खास मराठी मोडणीचा ‘र’. संगणकाच्या जागतिक लिपिसंकेतांत तो तीन तऱ्हांनीं लिहितां येतो. नुक्ता पोटांत असलेलें एकच अक्षर घालून; साधा ‘र’ आणि वेगळा नुक्ता अशीं दोन चिन्हें घालून; किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढें न दिसणारें एक जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखींच दिसतात. यंत्राच्या दृष्टीनें तीं तीन वेगळालीं नांवें आहेत.

मॅकच्या १९९८ पासूनच्या फाइल-व्यवस्थेंत कोणतेंहि नांव सांठवितांना अशा अक्षराचे ‘र’ आणि नुक्ता असे दोन भाग केले जात. २०१७ सालीं आलेली नवी व्यवस्था नांव दिलें तसें जपते. लिनक्स तर नांवांची तुलना अगदीं शब्दशः, बाइटाशीं बाइट लावून करतो. आतां जुन्या मॅकवरच्या फाइली लिनक्सवर आणल्या, आणि स्क्रिप्टमध्यें तेंच नांव हातानें टंकून दिलें, तर उत्तर येतें: ‘अशी फाइल नाहीं.’ फाइल समोर दिसत असते! माणूस पुनःपुन्हां टंकतो आणि पुनःपुन्हां तेंच उत्तर मिळवितो. शिवाय देवनागरीचें प्रत्येक चिन्ह आजच्या रूढ संकेतांत तीन बाइट घेतें, आणि लिनक्सच्या नित्याच्या फाइल-व्यवस्थेंत नांवाची मर्यादा २५५ बाइटांची. म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार धरून ८५ चिन्हें. संस्थांचीं लांबलचक मराठी नांवें दुसऱ्या व्यवस्थेंतून इकडे आणतांना या कुंपणाला अडखळतात.

आणि लिपीच्या पलीकडे लेखनाचा प्रश्न आहेच. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं व्युत्पत्तीनें येणारे बहुतेक अनुस्वार काढून टाकले. तेव्हांपासून ‘गांव’चा ‘गाव’ झाला. मनुष्य दोन्ही वाचतो आणि पुढें जातो. परंतु जुन्या ग्रंथांची यादी ‘गांव’ लिहिते आणि शोधणारी स्क्रिप्ट ‘गाव’ मागते, तेव्हां जुनें पुस्तक शेल्फावर असूनहि नाहींसें होतें. हीहि एक ऑपरेटिंग सिस्टिमच बदलली होती. फक्त ती भाषेची होती.

क्रमांकाच्या जागा बदलण्याचें उदाहरण तर माहीमनेंच पुरविलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या गॅझेटियरांत ‘माहीम’ हें तालुक्याचें नांव आहे. पुढें तोच तालुका पालघर झाला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याची वांटणी होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. एखाद्या स्क्रिप्टला ‘गांव, तालुका, जिल्हा’ अशा तीन बाबी क्रमानें लागतात असें समजूं. ‘माहीम, पालघर, ठाणें’ असे शब्द २०१३ सालीं बरोबर होते. आज ‘माहीम, पालघर, पालघर’ असें लिहावें लागेल. कोणी तो शब्द दोनदां आला ही नजरचूक समजून एक गाळला, तर तिसरी जागा रिकामी पडते. आणि रिकामी जागा म्हणजे शेलच्या राज्यांतलें सर्वांत मोठें भय. मागितलेली बाब दिलीच नसेल तर शेल डोळेझांक करून तेथें ‘कांहीं नाहीं’ असें वाचतो आणि पुढें चालतो.

तें भय खरें आहे याची साक्ष जानेवारी २०१५ मध्यें मिळाली. ‘स्टीम’ या खेळांच्या सुप्रसिद्ध प्रोग्रॅमची लिनक्सवरची स्क्रिप्ट आपली मूळ फोल्डर शोधून एका चलांत ठेवीत असे, आणि एका प्रसंगीं ‘त्या फोल्डरांतील सर्व कांहीं पुसा’ असा हुकूम देत असे. एका वापरणारानें ती फोल्डर दुसरीकडे हलविली. शोध फसला, चल रिकामें राहिलें. हुकुमांतून फोल्डरचें नांव गळालें आणि ‘मुळापासून सर्व कांहीं पुसा’ एवढेंच उरलें. त्याच्या सर्व फाइली गेल्या. राखीव नकला ठेवलेली बाहेरची डिस्क जोडलेली होती, तीहि गेली. आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणारानें ‘भीतिदायक!’ अशा अर्थाचा शेरा मारून ठेविला होता. भय वाटलें होतें. पण बाब रिकामी तर नाहीं ना, हें पाहणारी एक ओळ लिहिली गेली नव्हती.

मग सिस्टिम नवी केल्यावर स्क्रिप्ट बिघडली तर काय करावें? वैद्य जसा नाडी, जीभ, डोळे असा क्रम सोडीत नाहीं तसा येथेंहि क्रम आहे. प्रथम पहिली ओळ पाहावी: हा हुकूम कोणत्या कारकुनाच्या नांवें आहे, आणि त्या नांवाखालीं आज प्रत्यक्षांत कोण बसला आहे? दुसरें, स्क्रिप्टला मिळालेली प्रत्येक बाब वेगळ्या ओळींत, दोन्ही बाजूंना कंस घालून छापून पाहावी. ‘केळवें माहीम’ एका कंसांत आलें कीं दोन, हें तात्काळ दिसतें. शेवटीं चिकटलेली रिकामी जागाहि दिसते. तिसरें, शेलला ‘सेट’ आज्ञेनें ‘उणें-एक्स’ ही सूचना द्यावी, म्हणजे प्रत्येक हुकूम करण्यापूर्वीं त्यानें तो कसा वाचला तें तो बोलून दाखवितो. बहुतेक दोष येथेंच सांपडतात. नांवें सारखीं दिसूनहि जुळत नसतील तर अक्षरांवर विश्वास न ठेवतां त्यांचे बाइट मोजावे.

निदान झाल्यावर उपचार सोपे आहेत. प्रत्येक चल अवतरणांत घालावें. आलेल्या सर्व बाबी पुढें द्यावयाच्या असतील तर त्या अवतरणांतल्या ‘डॉलर-ॲट’ या चिन्हानें द्याव्या. तें प्रत्येक बाब जशी आली तशी अखंड ठेवतें, तर ‘डॉलर-तारा’ हें दुसरें चिन्ह अवतरणांत सर्वांचा एकच गोळा करतें. उणें चिन्हानें सुरू होणारें फाइलीचें नांव सूचना समजलें जाऊं नये म्हणून, आज्ञेला ती रीत ठाऊक असेल तेथें, आधीं दोन उणें चिन्हें लिहून सूचनांची हद्द संपवावी. न दिलेल्या बाबीपाशीं शेलनें थांबलेंच पाहिजे असा हुकूम आरंभींच लिहावा. ‘सेट’लाच ‘उणें-यू’ म्हणून सांगतां येतें. आणि जेथें ‘पुसा’ हा शब्द आहे तेथें पहिल्या वेळीं त्याच्या जागीं ‘छापा’ हा शब्द घालून काय काय पुसलें गेलें असतें तें डोळ्यांनीं पाहावें. नवी सिस्टिम कामाच्या यंत्रावर बसविण्यापूर्वीं एका फावल्या यंत्रावर बसवून जुन्या स्क्रिप्टा तेथें चालवून पाहणें, हा सर्वांत स्वस्त विमा होय.

दोष नव्या व्यवस्थेचा कीं जुन्या हुकुमाचा, हा वाद या पन्नास वर्षांत पुष्कळ वेळां झाला आहे. १९९२ सालीं शेलचें सर्वमान्य मानक निघालें, २००१ सालीं त्यांत फेरफार झाले. ‘सॉर्ट’ या क्रम लावणाऱ्या आज्ञेचें ‘अधिक-एक’ असें जुनें रूप त्यांत गाळलें गेलें, आणि मानक काटेकोरपणें पाळणाऱ्या यंत्रांवर तें रूप फाइलीचें नांव समजलें जाऊं लागलें. तेव्हां दहा-वीस वर्षें चाललेल्या स्क्रिप्टांच्या धन्यांनीं तक्रारी केल्या, आणि त्या अगदींच गैरवाजवी नव्हत्या. रूढीलाहि कांहीं अधिकार असतो. पण मानकाचीहि बाजू आहे. जें लेखी वचन कोणी दिलेलें नाहीं त्यावर विसंबणाऱ्याला कधीं ना कधीं नवा कारकून भेटावयाचाच.

या किनाऱ्यानें पोर्तुगीजांचा अंमल पाहिला, १७३९ च्या आरंभीं चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांचें निशाण पाहिलें, पुढें इंग्रजांचीं कचेरी-दफ्तरें पाहिलीं. प्रत्येक वेळीं वाड्या त्याच राहिल्या. वाचणारा तेवढा बदलला. ज्या कागदांत गांव, चतुःसीमा, मिति आणि धन्याचें नांव निःसंदिग्ध लिहिलेलें असे ते कागद नव्या अंमलांतहि उपयोगीं पडत. ‘सदर गृहस्थ’ आणि ‘नेहमींची जागा’ एवढ्यावर भागविलेले कागद तंट्यांचें मूळ होत. स्क्रिप्ट लिहिणारानें हाच धडा घ्यावा. आपला हुकूम आज जो वाचतो आहे त्याच्यासाठीं न लिहितां, उद्यां त्याच्या जागीं येणाऱ्या, आपल्याला न ओळखणाऱ्या आणि आपल्या संवयी ठाऊक नसलेल्या वाचकासाठीं लिहावा. त्याला लागणारीं दोन अवतरणचिन्हें आज खर्चावीं. उद्यां त्यांचें मोल कोणाच्या तरी आयुष्यभराच्या नोंदींइतकें होईल.